खारबांधाची बांधबंदिस्ती: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

खारबांध म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध. खाडीकाठची जमीन वारसाने आली, विकत घेतली किंवा गावकीने बांधाचं काम गळ्यात घातलं, की पहिला प्रश्न हमखास उंचीचा असतो. बांध किती फूट घालायचा? प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसरा-चौथा यायला हवा. पाणी डोक्यावरून गेल्याने जसा बांध जातो, तसाच तो चिंबोऱ्यांनी पोखरून, पायथ्याची माती सुटून आणि उघाडीच्या (शेतातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीच्या) कडेने पाणी शिरूनही जातो. उंची वाढवून यातलं काहीच थांबत नाही.

पुढचे टप्पे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांवरच्या मातीच्या बांधांसाठी आहेत. उघड्या समुद्रकिनाऱ्यावरच्या दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं शास्त्र वेगळं, खर्च वेगळा, आणि ते शेतकऱ्याने स्वतः करण्याचं काम नाही.

१. बांध कोणाचा, ते आधी काढा

काही खारबांध शासकीय खारभूमी योजनेत येतात, काही खाजगी असतात. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९ चा आहे आणि शासकीय योजनांचं काम खारभूमी विकास विभाग पाहतो. रायगडकरांना त्यासाठी पेणचं कार्यालय गाठावं लागतं. तिथे गाव आणि गट नंबर देऊन दोन गोष्टी लेखी विचारा: आपला बांध योजनेच्या यादीत आहे का, आणि असल्यास तो कुठपासून कुठपर्यंत. अर्धा बांध यादीत आणि उरलेला खाजगी, असंही निघतं. तोंडी उत्तरावर माती टाकायला घेऊ नका. शासकीय बांधावर परस्पर काम केलंत, तर पुढे खांड पडल्यावर (बांध फुटून भगदाड पडल्यावर) जबाबदारी तुमच्यावर ढकलली जाऊ शकते.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- बांधाखालच्या सर्व गटांचे सातबारा आणि ८अ
- गाव नकाशा, आणि हद्दीचा वाद असेल तर मोजणीची ‘क’ प्रत
- ग्रामसभेचा ठराव, त्यात बांधाची लांबी आणि दोन्ही टोकांच्या खुणा
- लाभधारकांची सहीनिशी यादी, कोणाचं किती क्षेत्र आणि कोण किती वाटा देणार
- तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटलेले फोटो
- आधी खारं पाणी शिरलं असेल तर तलाठ्याचा पंचनामा

पंचनाम्यासाठी पाणी ओसरायची वाट पाहू नका. शेतात पाणी उभं असतानाच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पिकाच्या नुकसानभरपाईला किमान ३३ टक्के नुकसान दिसावं लागतं आणि आठवड्याभराने ते सिद्ध करणं जड जातं.

२. कांदळवन आणि सीआरझेड (सागरी किनारा नियमन क्षेत्र)

मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवन तोडण्यावर आणि त्यात भराव टाकण्यावर बंदी कायम केली. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो, आणि तो खाजगी जमिनीलाही लागू आहे. म्हणून बांधाबाहेरची तिवरं, कांदळ, चिपी यांना हात लावायचा नाही. फांद्या तोडून खुंट करायचे नाहीत, आणि त्यांच्या मुळातला चिखल उपसून बांधावर टाकायचा नाही.

हे कायद्यापुरतं नाही. तिवरांचा पट्टा लाटेचा जोर बांधाला लागण्याआधीच मोडतो. समोर तिवरं उभी असतील तिथे दगडी पिचिंगचा, म्हणजे उतारावर दगड रचण्याचा, खर्च टळतो. तीच तिवरं साफ करून मग दगडासाठी अर्ज करणारे लोक आहेत. त्यांना काय म्हणावं?

जुन्या बांधाची मूळ रेषेवरची दुरुस्ती वेगळी आणि नव्या रेषेवर बांध घालणं वेगळं. नव्या बांधाला सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून जावं लागतं. दुरुस्तीच्या कामालाही वनविभागाच्या कांदळवन कक्षाला आणि तहसीलदारांना आधी पत्र द्या, सोबत जुना नकाशा जोडा. कागद पावसाळ्यात फिरवायला घेतले तर जानेवारीत माती टाकता येते. दिवाळीनंतर अर्ज करणाऱ्याचा तो हंगाम बहुधा हातचा जातो.

३. भरतीचा हिशेब

कामाचा हंगाम डिसेंबर ते मे. त्यातही रोजचं वेळापत्रक चंद्र ठरवतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, म्हणून आपल्या उघाडीवर एकदा घड्याळ लावून फरक काढून ठेवा.

या हिशेबाचा कामाशी थेट संबंध आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला, पण ती खूप खाली जाते. अष्टमी-नवमीच्या भांगाला उलट: ओहोटी भर दुपारी मिळते, पाणी फार खाली जात नाही, पण जा-ये करणारं पाणी कमी असतं. उघाडीचा तळ आणि पायथ्याची कामं उधाणाच्या ओहोटीला करा. खांड बुजवायची ती भांगाला.

उंचीसाठी आपल्या बांधावरचीच खूण घ्या. पावसाळी उधाणानंतर बांधाच्या अंगावर काडीकचऱ्याची रेघ राहते. तिथे खुंटी ठोका, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तीच पातळी शंभर-शंभर फुटांवर पुढे न्या आणि प्रत्येक ठिकाणी माथा त्या रेघेच्या किती वर आहे ते लिहा. जिथे माथा खचला आहे, पहिलं पाणी तिथूनच येणार. भरतीच्या तक्त्यातले मीटर थेट जमिनीला लावू नका. त्यांचं शून्य समुद्राच्या नकाशाचं असतं, तुमच्या शेताचं नव्हे. आणि मुंबई-अलिबागची मापं मालवणात चालत नाहीत. दक्षिणेकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक उत्तरेच्या जवळपास निम्मा होतो.

४. बांधाचा छेद (आडवा काप) आणि मातीचा हिशेब

सुरुवातीला ही मापं धरा: माथा सर्वांत उंच पाण्याच्या रेघेपेक्षा १ मीटर वर, माथ्याची रुंदी २ मीटर (ट्रॅक्टर न्यायचा असेल तर ३), खाडीकडचा उतार १:३, शेताकडचा १:२. उतार १:३ म्हणजे १ मीटर उंचीला ३ मीटर पसारा.

उंची अडीच मीटर असेल तर पायथा २ + ७.५ + ५ = १४.५ मीटर. छेदाचं क्षेत्रफळ साधारण २०.६ चौरस मीटर, म्हणजे दर धावत्या मीटरला २०.६ घनमीटर घट्ट झालेली माती. दबण्यासाठी २० टक्के जास्त धरली तर सुमारे २५ घनमीटर, जवळपास ९ ब्रास.

आता सापळा पाहा. दोन्ही उतार १:१ केले तर तीच उंची आणि तोच माथा सव्वाअकरा घनमीटरमध्ये बसतो. अर्ध्या मातीत! लांबून दोन्ही बांध सारखेच दिसतात. म्हणून ठेका ‘इतके मीटर बांध’ असा देऊ नका. माथा, उंची, दोन्ही उतार आणि पायथ्याची रुंदी करारात लिहा, आणि पैसे देताना पायथ्यावर टेप धरा.

५. माती ओळखणं

बांधाच्या पोटात चिकणमाती हवी. ओली करून हातावर वळली तर पेन्सिलीइतकी वळी न तुटता व्हावी. निव्वळ मुरूम किंवा जांभ्याची चुरी पाणी झिरपू देते, पुळणीची वाळू तर अजिबात नको. मुरूम वरच्या आवरणाला चांगला.

खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या, मातीची एक खोड मात्र नवख्याला ठाऊक नसते. या मातीत सोडियम भरपूर असतो. खाऱ्या पाण्यात ढेकूळ शाबूत राहतं, पण पावसाने मीठ धुतलं की तीच माती गोड्या पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. परिणाम: पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात माथ्यावरच्या भेगांतून पाणी शिरतं आणि बांधात आरपार बोगदे पडतात. परीक्षा सोपी आहे. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा गोडं पाणी घ्या, सुपारीएवढं ढेकूळ अलगद सोडा, न हलवता तासभर ठेवा. ढेकळाभोवती गढूळ ढग पसरला तर माती सुटणारी आहे. ही परीक्षा खाडीच्या पाण्यात केलीत तर प्रत्येक माती पास होईल. सुटणारीच माती उपलब्ध असेल, तर ती पोटात ठेवा आणि वरून ३० सेंटिमीटर मुरमाचं दाबलेलं आवरण द्या, त्यावर गवत लावा.

माती शेताच्या बाजूने, पायथ्यापासून किमान १० मीटर सोडून घ्या. खड्डे १ मीटरपेक्षा खोल नकोत, आणि सलग चर न काढता मधे न खणलेली जमीन सोडून तुटक काढा. पायथ्यालगतचा सलग चर हे आपल्याच हाताने काढलेलं पात्र ठरतं. बांधाला चिकटून जिताडा माशाचं तळं खोदणाऱ्या शेजाऱ्यालाही हेच समजावावं लागतं.

खाडीतला पातळ गाळ थेट बांधावर ओतू नका, तो दबत नाही. आधी बाजूला ढीग करून दोन-तीन आठवडे निथळू द्या.

६. थर आणि दाबणी

पायाच्या जागेवरचं गवत, मुळं, शिंपले, कुजका कचरा काढा. मध्यरेषेवर १ मीटर रुंद आणि ६० ते १०० सेंटिमीटर खोल चर खणून चिकणमातीने दाबून भरा, म्हणजे नवी माती आणि जुनी जमीन यांच्या सांध्यातून पाणी वाट काढत नाही. जुन्या बांधाला जाडी देताना त्याच्या उतारावर आधी पायऱ्या कापा. गुळगुळीत उतारावर टाकलेली नवी माती सालीसारखी सुटून येते.

थर २० ते २५ सेंटिमीटरचे. ओलावा मुठीत पाहा: गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. प्रत्येक थर धुम्मसने किंवा छोट्या रोलरने दाबा. जेसीबीचं बकेट वरून चारदा आपटणं म्हणजे दाबणी नव्हे. त्याने वरची चार बोटं घट्ट होतात आणि आत पोकळी राहते.

तळाशी मऊ चिखल असेल तर पूर्ण उंची एका दमात चढवू नका. वजनाने चिखल बाजूला सरकतो आणि बांध रात्रीत बसतो. अर्धी उंची या हंगामात, उरलेली पुढच्या.

७. उघाडी

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या, कारण खारभूमीत बांधाइतकंच पाणी बाहेर जाणं महत्त्वाचं आहे. उघाडी म्हणजे बांधातला नळ किंवा मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावरची झडप. भरतीचं पाणी झडप दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं.

आकार असा काढा. समजा बांधाखाली ४० हेक्टर आहेत आणि दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला. पाणी झालं ८०,००० घनमीटर. झडप दिवसातून फार तर दहा तास उघडी राहते. भातखाचरं काही पाणी धरतात, म्हणून तीन दिवसांत निचरा व्हावा असं धरलं तरी सेकंदाला सुमारे पाऊण घनमीटर पाणी बाहेर जायला हवं. आत-बाहेरच्या पातळीत एक फुटाचा फरक असताना १ मीटर व्यासाचा एक नळ साधारण एक घनमीटर नेतो. म्हणजे कागदावर एक नळ पुरतो, प्रत्यक्षात दोन घाला, कारण ओंडका अडकून एक बंद पडेल तो नेमका जुलैतच.

नळाच्या तळाची पातळी शेतातल्या सर्वांत खोल चरीच्या तळाला जुळवा. जास्त खाली ठेवली तर बाहेरून गाळ चढून झडप उघडत नाही, वर ठेवली तर शेतात पाणी साचून राहतं.

झडप वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली आणि खाडीकडे उघडणारी. चौकट किंचित तिरकी बसवा, म्हणजे झडप स्वतःच्या वजनाने मिटते. सागवान किंवा फायबर चालतं. साध्या लोखंडाची बिजागरी खाऱ्या पाण्यात लवकर गंजते, म्हणून खिळा आणि बिजागरी स्टेनलेस स्टीलची घ्या. चौकटीवर रबराची पट्टी लावा.

आतल्या तोंडाशी फळ्या सोडायच्या खाचा ठेवायला विसरू नका. झडप दुरुस्तीला काढली की फळ्या टाकून काम भागतं. शिवाय पाऊस संपताना त्याच फळ्यांनी शेतात गोडं पाणी अडवता येतं. जमीन लवकर सुकली की खालचं मीठ वर चढतं.

उघाडी फुटते ती बहुतेकदा नळाच्या बाहेरच्या अंगाने. काँक्रीट आणि माती यांच्या फटीतून पाणी सरकतं, रोज थोडी माती नेतं आणि एक दिवस नळ मोकळा लटकतो. उपाय तीन: नळाभोवती दोन-तीन ठिकाणी काँक्रीटची कॉलर, कॉलरच्या आजूबाजूला १५ सेंटिमीटरच्या थरांनी हाताने दाबलेली चिकणमाती (इथे यंत्र नको), आणि दोन्ही तोंडांशी पंखभिंती व खाली दगडी फरसबंदी. काँक्रीटला खाडीचं पाणी आणि खाडीची वाळू वापरू नका, आणि सळईवर ७५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण राहू द्या.

मासे धरायला रात्री झडपेला दगड लावून ती उघडी ठेवणं हा जुना तंटा आहे. कुलूप लावून तो सुटत नाही. उघाडीवर जाळं लावायचा हक्क वर्षासाठी लिहून द्या आणि झडपेची जबाबदारी त्याच माणसाकडे सोपवा.

८. दगड आणि गवत

पिचिंग फक्त जिथे लाट थेट आदळते तिथे: खाडीचं वळण, किंवा धरमतरसारख्या खाडीत बार्जच्या लाटा लागतात तो भाग. खाली १५ सेंटिमीटर खडी-मुरमाचा थर, त्यावर काळ्या दगडाची ३० सेंटिमीटर हातरचाई, आणि पायथ्याशी जमिनीत गाडलेली मोठ्या दगडांची रांग. खडीचा थर वाचवला तर दगडांच्या फटींतून माती शोषली जाते आणि पिचिंग आत बसतं. बांधावर झाडं लावू नका. वादळात ती मुळासकट माती घेऊन पडतात.

९. खांड पडली तर

पहिल्या दिवशी खांड बुजवायची घाई नको. आधी तिची दोन्ही टोकं पोत्यांनी बांधून घ्या, म्हणजे ती रुंदावणार नाही. मग साहित्य जमवा. सगळं साहित्य जागेवर आल्याशिवाय सुरुवात करू नका:

- माती भरलेली पोती, अंदाजापेक्षा निम्मी जास्त
- सुरूचे किंवा बांबूचे वासे, बांबूचे तट्टे, सुतळी-तार
- निथळलेली चिकणमाती, दोन्ही टोकांना ढीग करून
- दोन होड्या, घण, फावडी, रात्रीसाठी दिवे

पोती दोन-तृतीयांशच भरा. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं राहतं आणि फटी सोडतं. रचताना विटांसारखे सांधे चुकवा.

पाण्याने खांडीच्या मध्यावर खोल डोह पाडलेला असतो. जुन्या रेषेचा हट्ट धरून तो भरत बसलात तर माती गिळत राहील. डोहाला वळसा घालून शेताच्या बाजूने अर्धचंद्राकार बांध घ्या. सप्तमी-अष्टमीच्या दुपारच्या ओहोटीला वाशांच्या दोन रांगा १ ते दीड मीटर अंतरावर ठोका, आतून तट्टे लावा. त्यानंतर पूर्ण रुंदीत तळापासून पोत्यांचा सारखा थर वर आणा. दोन्हीकडून अरुंद करत मधे फट ठेवली तर त्या फटीतला वेग वाढत जातो आणि तळ उकरला जातो. सगळ्या उघाड्या चालू ठेवा, म्हणजे आतल्या पाण्याचा भार खांडीवर येत नाही.

अष्टमीला पाणी अडलं तर पुढच्या उधाणापर्यंत जेमतेम आठवडा मिळतो. त्रयोदशीपर्यंत पूर्ण उंची आणि निदान अर्धी जाडी व्हायला हवी. तेवढी माणसं आणि माती नसेल तर पुढच्या भांगापर्यंत थांबणं स्वस्त पडतं.

१०. देखरेख

मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात प्रत्येक उधाणानंतर बांध चालून पाहा. भरतीच्या वेळी शेताच्या बाजूने चाला, ओल तिथेच दिसते. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर खूण करून लक्ष ठेवा. गढूळ पाणी येत असेल तर बांधातली माती वाहतेय. त्याच दिवशी काम सुरू करा. शेताकडून भोक चिकणमातीने बुजवलं तर पाणी शेजारून फुटतं. तिथे वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी असा भार द्या, म्हणजे पाणी जाईल पण माती अडेल. बंद करायचं ते खाडीकडचं तोंड, ओहोटीला, चिकणमातीने.

चिंबोऱ्यांची आणि घुशींची बिळं वरून माती सारून बुजत नाहीत. पातळ चिकणमातीचा काला ओतत राहा, बीळ भरेपर्यंत, आणि तोंड दाबून घ्या. झडपेच्या चौकटीवर चढलेले शिंपले दर महिन्याला खरवडा.

११. खारं पाणी शिरून गेलेली जमीन

पाणी बाहेर काढलं तरी मीठ मातीत राहतं. जून-जुलैत खाचरात पावसाचं पाणी अडवा, दोन-तीन दिवसांनी ओहोटीला उघाडीतून सोडा, पुन्हा भरा. कोकणचा पाऊस हे काम फुकट करतो, फक्त उघाडी चालू हवी. मातीचा नमुना पेरणीआधी तपासून घ्या. क्षारता मीटरला ४ डेसिसायमनच्या (क्षारता मोजायचं एकक) आत आली तर नेहमीचं भात तग धरतं. त्याच्या वर असेल तर पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ हे खार सोसणारे वाण घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे. बियाण्याची चौकशी तिथे एप्रिलमध्येच करा.